पाळकीणबाईची साक्ष

कौलांच्या कारखान्यात तिला सगळे पाळकीणबाई म्हणत, पण तिचा नवरा काही चर्चचा पाळक नव्हता. तो साचेवाला होता. झिजलेले, चिरा गेलेले साचे दुरुस्त करायचे, त्यांच्या कडा घासून सरळ करायच्या, हे त्याचं काम. आणि त्यात त्याचा हात धरणारा त्या कारखान्यात दुसरा कुणी नव्हता. बायकोला नाव पडलं ते तिच्या सवयीमुळे. सकाळचा भोंगा वाजायच्या आधी बाकीचे लोक कालच्या भांडणाचा उरलासुरला भाग उरकून घेत, तेवढ्यात ही आपल्या दाबयंत्रासमोर उभी राहून डोळे मिटायची, ओठ हलवायची आणि मग कामाला लागायची. शेजारच्या यंत्रावर एक माणूस होता, त्याची जीभ दिवसभर टाळ्याला लागत नसे, म्हणून त्याला पोपट म्हणत. त्यानं पहिल्याच आठवड्यात ओरडून विचारलं, "काय पाळकीणबाई, यंत्राला बाप्तिस्मा देताय की काय?"

सगळी शेड हसली. तीही हसली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

साचेवाल्याला याचा राग येई. घरी आल्यावर तो म्हणायचा, "एकदा चांगलं सुनाव त्या पोपटाला."

"काय सुनावू? प्रार्थना करते हे खरंच आहे ना?" ती म्हणायची, आणि भाजी चिरायला घ्यायची.

साचेवाल्याची म्हातारी आई त्यांच्याजवळच राहत असे. गुडघे धरलेले, पण जिभेला गंज नाही. ती कोपऱ्यातून म्हणे, "हा दिवसभर साचे सरळ करतो आणि घरी आला की स्वतः वाकड्यात शिरतो."

तर त्या शेडमध्ये सहा दाबयंत्रं होती. प्रत्येकापुढे एक लोखंडी जाळी असे. मातीची लादी साच्यावर ठेवायची, जाळी खाली पाडायची, मगच वरचा दाब खाली येई. जाळी उचलली की कौल काढून घ्यायचं. एके दिवशी सकाळी खुद्द मालक हातात घड्याळ घेऊन शेडमध्ये आला. बराच वेळ उभा राहून त्यानं बघितलं आणि मिस्त्रीला म्हणाला, "या जाळ्या काढून टाका. अर्धा वेळ यांच्यातच जातो."

पाळकीणबाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. ती म्हणाली, "साहेब, जाळी नसली तर कुणाचा तरी हात जाईल."

"हात जागेवर ठेवायचा पगार देतो मी," मालक म्हणाला आणि निघून गेला. दुपारपर्यंत मिस्त्रीनं सहाच्या सहा जाळ्या काढल्या.

साचेवाला त्या दिवशी मागच्या भट्टीकडे होता. त्यानं स्वतः काही पाहिलं नाही की ऐकलं नाही. पुढे कितीतरी दिवस तो याबद्दल मनातल्या मनात देवाचे आभार मानत होता, आणि त्याची त्याला नंतर लाज वाटली.

सतराव्या दिवशी पोपटाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. तो काहीतरी गंमत सांगत होता आणि वाक्य अर्ध्यावर तुटलं. बाकीचे जागच्या जागी खिळून राहिले. पाळकीणबाईनं यंत्र थांबवलं, त्याचा हात कापडात घट्ट गुंडाळला, खांद्याच्या वर धरला आणि त्याला तसंच चालवत दवाखान्यापर्यंत नेलं. वाटेत पोपट एक शब्द बोलला नाही. ती सांगायची, रक्तापेक्षा त्या गप्प बसण्याचीच तिला जास्त भीती वाटली.

चौकशी लागली. शेडमधल्या प्रत्येकाची जबानी सरकारकडे जायची होती. दुसऱ्या आठवड्यात मालकानं नवराबायको दोघांनाही आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर कागद तयार होता. 'जाळी कामगाराने स्वतःच्या मर्जीने काढली होती,' असं त्यात लिहिलं होतं. खाली अकरा सह्या झालेल्या होत्या, मिस्त्रीचीसुद्धा.

"बाराव्या जागी तुझी सही," मालक पाळकीणबाईला म्हणाला. "आणि हे बघ, कारखान्याच्या चाळीत वरच्या ओळीतली ती दोन खोल्यांची जागा रिकामी झाली आहे. ऊन चांगलं येतं तिथं. म्हातारीच्या गुडघ्यांना बरं."

तिनं कागद उचलला आणि पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. मालकानं घड्याळ बघितलं. तिनं कागद उलटला, मागे काही नाही हे बघितलं, पुन्हा सुलटा केला.

"साहेब, यातली एक ओळ चुकली आहे."

"कुठली?"

"जाळीची. जाळ्या तुमच्या सांगण्यावरून काढल्या. मी तिथंच होते. मी तुमच्याशी बोललेसुद्धा."

मालकाचा आवाज चढला नाही. त्यानं फक्त साचेवाल्याकडे बघितलं. "समजाव हिला. तू शहाणा माणूस आहेस."

त्या दिवशी घरात पहिल्यांदा भांड्याला भांडं जोरात लागलं. "पोपट आपला कोण लागतो?" साचेवाला म्हणाला. "ज्यानं तुझी चार लोकांत टिंगल केली, त्याच्यासाठी आपण उघड्यावर यायचं?"

"तो कोण लागतो हे कुठं विचारलंय कागदावर? काय झालं तेवढंच विचारलंय."

"अकरा जणांनी सही केली. ते काय सगळे वाईट आहेत?"

"नाही हो. घाबरलेत. मीही घाबरले आहे." तिनं ताटं घेतली. "पण येशूविरुद्ध लोकांनी खोट्या साक्षी दिल्या. त्याच्यापुढे रोज डोळे मिटायचे आणि तेच काम आपण करायचं, हे मला जमणार नाही. तुम्हाला माझ्यामुळे त्रास होईल. तेवढं मला माफ करा."

कोपऱ्यातून आई म्हणाली, "तिला जेवू दे रे. भांडायचं असेल तर माझ्याशी भांड, मला काही काम नाही."

तिनं सही केली नाही. आपली जबानी तिनं स्वतःच्या हातानं वेगळ्या कागदावर लिहून पाठवली. पंधरा दिवसांत तिला दाबयंत्रावरून काढून मागच्या आवारात घातलं. तिथं पूर्वेच्या भिंतीला बाद कौलांची मोठी थप्पी होती. व्यवस्थापकानं सांगितलं, ही सगळी पश्चिमेच्या भिंतीला नेऊन लावायची. नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी तो म्हणाला, आता परत पूर्वेला. कारण विचारल्यावर तो म्हणाला, "वरून सांगणं आहे."

मालकाच्या खोलीची खिडकी त्या आवारावर उघडत होती.

मग कारखान्यानं दिलेली राहती खोली गेली. दुरुस्तीच्या नावाखाली त्यांना भट्टीच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत हलवलं. ती भिंत दिवसरात्र तापलेली असे. पाणी प्यायला घेतलं तर कोमट लागे. साचेवाला कपाळाला हात लावून बसला, पण आठ दिवसांनी म्हातारी काठीशिवाय दारापर्यंत चालत गेली. "गुडघे मोकळे झाले माझे," ती म्हणाली. "मालकाला सांगा, त्याचे उपकार आहेत." त्या रात्री तिघंही पोट धरून हसली.

जेवणाच्या सुट्टीत मात्र पाळकीणबाईजवळ कुणी बसेना. ज्या बायकांच्या बाळंतपणात ती धावून गेली होती, त्या डबे घेऊन शेडच्या दुसऱ्या टोकाला जात. तिला कुणी वाईट बोललं नाही, फक्त सगळ्यांना एकाएकी तिच्या पलीकडचं काहीतरी दिसायला लागलं.

साचेवाला म्हणाला, "सोड नोकरी. आपण दुसरीकडे जाऊ. हात चालतात आपले."

"तेच तर हवंय त्यांना. मी रागानं सोडून गेले, की माझी जबानीही रागाचीच ठरेल. चौकशी होईपर्यंत मी इथून हलणार नाही."

चौकशीची तारीख पडली आणि पुढे गेली. दुसरी पडली, तीही पुढे गेली. मालकाच्या वकिलाला कधी ताप येई, कधी त्याचे कागद हरवत. ती मात्र रोज भोंग्याच्या पाच मिनिटं आधी आवारात उभी असे. रोज जेवणाआधीच्या प्रार्थनेत ती मालकाचं नाव घेई. त्याचं मन मऊ होऊ दे, त्याची मुलंबाळं सुखात असू दे. साचेवाला त्या वाक्याला आमेन म्हणत नसे. तोंडात घास असल्यासारखं करी, आणि घास तर अजून ताटातच असे.

ती काही दगडाची नव्हती. पाचव्या महिन्यात एकदा घरी आली ती दाराशीच बसली. तळहातांना भेगा पडल्या होत्या, त्यांत कौलांची लाल भुकटी शिरली होती. "आज वाटलं, टाकावं सगळं आणि सही करून यावी," ती म्हणाली. सासूनं तिचे हात आपल्या मांडीवर घेतले आणि तेल चोळू लागली. "मग का नाही टाकलंस, पोरी?"

"भोंगा वाजला. म्हटलं, आजचा दिवस तर झालाच. उद्याचा धीर उद्या मागून घेऊ. साठवून ठेवण्याएवढा कधी मिळतच नाही मला."

आठव्या महिन्यात व्यवस्थापकानं साचेवाल्याला बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवला. "हे बघ, तुझं काम आम्हाला हवं आहे. एक छोटा कागद दे. बायकोच्या डोक्यावर थोडा परिणाम झाला आहे, एकटीच पुटपुटते, यंत्राशी बोलते. सगळ्यांनी बघितलंय ते. तिची जबानी बाजूला पडेल, तिलाही त्रास नाही, तुलाही नाही. उद्या सांग."

साचेवाला आपल्या बाकावर येऊन बसला. समोर अर्धा घासलेला साचा होता. तो मनाशी म्हणाला, यात कुणाचं नुकसान आहे? तिची सुटका होईल. आई पुन्हा उन्हात बसेल. हे सगळं तो स्वतःला पटवत होता तेव्हा त्याची नजर खिडकीतून आवारात गेली.

ती थप्पी लावत होती. पश्चिमेच्या भिंतीला, तिसऱ्यांदा की तेराव्यांदा कोण जाणे. चार पावलं मागे गेली, डोळे बारीक करून रांगेकडे बघितलं, आणि पुढे येऊन वरची कौलं एकेक करून उतरवायला लागली. अकरा कौलं उतरवली. बारावं कौल किंचित तिरकं बसलं होतं, ते तिनं काढून पुसलं आणि सरळ बसवलं. मग ती अकरा पुन्हा वर चढवली. ती थप्पी दुसऱ्या दिवशी मोडायची होती. बघणारं कुणी नव्हतं. निदान तिला तरी तसं वाटत होतं.

साचेवाल्यानं समोरचा साचा बाजूला सारला. वीस वर्षं तो कडा सरळ करत आला होता आणि आपल्याएवढं सरळ काम या कारखान्यात कुणी करत नाही अशी त्याची समजूत होती. ती समजूत त्या क्षणी मोडली, आणि ती मोडल्याचं त्याला जराही वाईट वाटलं नाही. उलट छाती भरून आली. त्यानं उद्याची वाट पाहिली नाही. हात पुसले, व्यवस्थापकाच्या खोलीत गेला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "माझ्या बायकोचं डोकं तुमच्या कारखान्यातल्या कुठल्याही साच्यापेक्षा सरळ आहे. हे हवं तर लिहून देतो. सहीसकट."

दुसऱ्या दिवशी तोही आवारात होता.

ती त्याला बघून थबकली. "तुम्ही इथं कसे?"

"बदली झाली," तो म्हणाला. "कुठून उचलायची, सांगा बाई. मी नवीन आहे."

ती हसली, आणि हसता हसता तिनं बाहीनं डोळे पुसले. त्या दिवसापासून ती कौलं उचलून द्यायची आणि तो रचायचा. दमला की उलट. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, पण दिवसभर एकमेकांच्या सोबतीनं काम करायची ही पहिलीच वेळ. तिला शीळ घालता येते हे त्याला तेव्हा कळलं. घरी जेवायला बसल्यावर तिनं मालकासाठी प्रार्थना केली, तेव्हा तो हळूच आमेन म्हणाला. "मी त्याच्यासाठी नाही म्हणत हं," त्यानं लगेच सांगून टाकलं. "तुझ्यासाठी म्हणतो."

"चालेल. देव बरोबर पोचवतो."

साचे बघायला आता कुणी धड नव्हतं. कौलं वाकडी निघू लागली, बादचा ढीग वाढू लागला, आणि आवारातलं काम काही संपेना. लोकांच्या नजरेत ते भरत होतं. एके दिवशी भट्टीवाल्यानं पाण्याचा माठ आवाराच्या सावलीत आणून ठेवला आणि भट्टीकडे परत गेला. मग दोन बायका डबे घेऊन आल्या आणि जणू कालही इथंच बसलो होतो अशा बसल्या. पाळकीणबाईनं एका शब्दानं मागचं काढलं नाही. तिनं फक्त सरकून जागा केली.

पोपटही एकदा फाटकापाशी आला. हात खिशात लपवलेला. "पाळकीणबाई, तुम्हाला ते नाव मीच दिलं," तो खाली बघत म्हणाला.

"माहीत आहे. चांगलं ऐकू येतं मला." तिनं त्याचा खिशातला हात धरून बाहेर काढला, जखम नीट भरली आहे ना हे बघितलं आणि म्हणाली, "हा लपवू नका. चूक तुमची नाही."

चौदाव्या महिन्यात अखेर चौकशी उभी राहिली. लांब खोली, उंच खिडक्या, एका बाजूला मालक आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला बाकांवर कारखान्यातले लोक. साचेवाला तिसऱ्या बाकावर बसला होता. आई हट्टानं शेजारी आली होती.

वकिलानं पाळकीणबाईला विचारलं, "तुम्हाला अवघड काम दिलं, म्हणून तुमचा मालकांवर राग आहे ना?"

"काम अवघड नव्हतं, साहेब. त्याला अर्थ नव्हता."

"म्हणजे राग आहे."

"आला होता. पुष्कळदा आला. पण जबानी मी त्याच्या आधीच लिहिली होती. तारीख बघा."

वकिलानं कागद चाळले. "तुम्ही म्हणे रोज प्रार्थना करता. मालकांच्या विरुद्ध काय काय मागता?"

"विरुद्ध काही नाही. त्यांच्यासाठी मागते."

बाकांवर कुणीतरी हसलं. चौकशी अधिकारी मात्र हसले नाहीत. त्यांनी लेखणी खाली ठेवली. "काय मागता, बाई?"

"त्यांना सुख मिळो, असं मागते. आणि त्यांनी जाळ्या परत लावाव्यात. पोपटाचं यंत्र बंद आहे, पण बाकीची पाच अजून तशीच चालतात, साहेब. रोज भोंगा वाजला की मी बोटं मोजते सगळ्यांची."

मालकाच्या खुर्चीची करकर मागच्या बाकापर्यंत ऐकू आली. आणि बाकावरून मिस्त्री उठून उभा राहिला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"जाळ्या मी काढल्या," तो म्हणाला. "मालकांनी सांगितलं म्हणून. मग त्या कागदावर खोटी सही केली. चौदा महिने या बाईंना कौलं वाहताना बघतोय. मला वाटलं, आज सोडतील, उद्या सोडतील, म्हणजे माझीही सुटका होईल. त्यांनी सोडलं नाही. आता माझ्यानं बघवत नाही. जाळ्या कोठीच्या मागे आहेत, चला, दाखवतो."

मग दुसरा उठला. मग त्या डबेवाल्या दोघी. अकरा सह्यांपैकी आठ जणांनी त्या खोलीत आपली सही मागे घेतली. साचेवाल्याला त्यातलं पुढचं नीट दिसलं नाही, कारण त्याचे डोळे भरले होते. आई त्याला कोपरानं ढोसत होती. "रडतोस काय? ताठ बस. सगळे आपल्याकडे बघताहेत."

अधिकारी त्याच दिवशी कारखान्यात गेले. सहाच्या सहा जाळ्या कोठीच्या मागे गंजत पडलेल्या सापडल्या. महिन्याभरात निकाल आला. जाळ्या यंत्रांवर परत चढल्या, पोपटाची जन्मभराची सोय कारखान्याच्या डोक्यावर बसली, आणि नवराबायकोला आपापल्या जागा परत मिळाल्या. मालक मात्र मालकच राहिला. त्याची मोटारही तीच आणि खिडकीही तीच. त्यानं कुणाची माफी मागितली नाही. एकदा तो शेडमधून जाताना पाळकीणबाई नेहमीप्रमाणे मान लववून म्हणाली, "नमस्कार, साहेब." तो थांबला, काही बोलेलसं वाटलं, आणि तसाच पुढे गेला. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. घरी ती साचेवाल्याला म्हणाली, "आज थांबले तरी. अजून मागत राहायला हवं."

त्या रविवारी चर्चमधल्या उपासनेला जागा अपुरी पडली. कधी न येणारे लोकही आले होते. मिस्त्री तर नवीन सदरा घालून शेवटच्या बाकावर अवघडून बसला होता. उपदेश झाल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या बहिणीनं पुढं यावं आणि देवानं तिच्यासाठी काय केलं त्याची मंडळीपुढे साक्ष द्यावी."

ती जागेवरूनच म्हणाली, "माझी साक्ष झाली, पाळकसाहेब. सरकारी कागदावर आहे."

मंडळी खळखळून हसली. ती खाली बघत बसून राहिली, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. पाळकसाहेब पुढचं गीत सांगणार, तेवढ्यात साचेवाला उठला. तो उपासनेत कधी बोलला नव्हता. गीतंसुद्धा तो ओठांतल्या ओठांत म्हणे. उभं राहिल्यावर त्याला कळेना हातांचं काय करायचं. त्यानं ते पुढच्या बाकाच्या पाठीवर ठेवले.

"मी सही करणार होतो," तो म्हणाला. "तिला वेडी ठरवणाऱ्या कागदावर. हे तिला माहीत नाही. आज कळतंय." त्यानं बाकाची पाठ घट्ट धरली. "ती आवारात एक कौल सरळ करत होती. मी खिडकीतून बघितलं. माझी साक्ष एवढीच आहे. मी बघितलं."

त्याला आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण शब्द सापडेनात. शेवटी त्यानं शेजारी बसलेल्या बायकोकडे हात केला आणि मंडळी तिला ओळखतच नसावी अशा थाटात, पार मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला,

"ही माझी बायको."